चित्रापुढं उभं राहण्याची कोल्हापुरी रीत

दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात अमूर्त चित्रांचं प्रदर्शन लागलं, की जरूर जा. आपण कलापूरकर. चित्रातलं कळणं आपल्याला रेशन कार्डाबरोबरच मिळतं.

मत मात्र घरातनंच ठरवून न्या. एकाच चित्रापुढं दोन मिनिटं थांबलात तर ते आवडायला लागायचा धोका असतो. त्यापेक्षा मान तिरकी करा आणि चित्रकाराच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणा, "हे आमच्या नातवानं पण काढलं असतं." नातवाला आजवर ब्रश घेऊन दिलेला नाही, ही घरातली गोष्ट.

चित्रकार तरुण असेल तर शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान बाहेर काढा. त्यांचं एकही मूळ चित्र जवळनं पाहिलेलं नसलं तरी बिघडत नाही. "रंकाळा काढावा तर त्यांनीच" म्हटलं की पोरगं गप्प. १९२२ साली शाहू महाराज गेले आणि आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थ तळ्यात बुडवली, असं सांगतात. त्या वेळी गावातले रसिक कुठं होते, असं कुणी विचारलंच, तर लगेच बाबूराव पेंटरांवर या. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः तयार केला, हे छाती फुगवून सांगा. ते तेव्हाचं नवं खूळच होतं, एवढं गाळा.

तुम्ही पलीकडच्या पार्टीतले, म्हणजे अमूर्तवाले असाल, तर काम आणखी सोपं. कुणी घाटाचं, देवळाचं हुबेहूब चित्र डोळे भरून बघत असेल, त्याच्या मागं जाऊन हळूच "कॅलेंडर" म्हणा. एका शब्दात त्याची आख्खी दुपार नासते.

सोबत आलेला मेहुणा मधेच म्हणेल, "दाजी, मला हे आवडलं." इथं सांभाळा. "काय आवडलं?" असं चुकूनही विचारू नका. तो खरंच सांगायला लागेल. कोपऱ्यातल्या निळ्यावर बोट ठेवेल, आणि तो निळा तुम्हालाही दिसेल. "तुला काय कळतंय त्यातलं?" एवढ्यावर विषय मिटवा आणि त्याला चहाला न्या.

जाताना दाराशी अभिप्रायाची वही असते. तिच्यात 'अप्रतिम!' लिहून सही ठोका. चित्रकार हात जोडून "कुठलं आवडलं, काका?" म्हणत जवळ आलाच, तर खिसे चाचपत गाडीची किल्ली शोधायला लागा.