तो उंदीर आधी बाहेर काढा

वसईच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर दर डिसेंबरला 'सायलेंट नाईट' या नाताळच्या गाण्याचा तोच फॉरवर्ड फिरतो आणि दरवर्षी मी गप्प बसतो. यंदा नाही बसणार, कारण यंदा बहिणीने त्याच्यावरून आळीतल्या पोरांची नाटिका बसवलीय आणि माझा सात वर्षांचा भाचा त्यात उंदीर झालाय.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 1818 च्या नाताळच्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात उंदरांनी चर्चच्या ऑर्गनचा भाता कुरतडला, मिडनाइट मास, म्हणजे मध्यरात्रीची प्रार्थना, तोंडावर आलेला, तरुण फादर रडत रडत बर्फात बाहेर पडला आणि चांदणं बघून त्याला तिथल्या तिथे कविता सुचली, चाल मात्र थोर संगीतकार मोझार्टची जुनीच होती, पुढे फादर आणि त्याचा ऑर्गनवाला दोघेही दारिद्र्यात मेले, मग याच गाण्याने पहिलं महायुद्ध थांबवलं आणि आता युनेस्कोने त्याला जगातलं सर्वश्रेष्ठ गाणं जाहीर केलंय. खाली हात जोडलेले आणि दहा जणांना पाठवा.

युनेस्कोचं आधी उरकतो. 'जन गण मन'ला युनेस्कोने सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं हा फॉरवर्ड आठवतोय ना? तीच फॅक्टरी. झालंय एवढंच की 2011 मध्ये ऑस्ट्रियाने स्वतःच्या देशातल्या अमूर्त वारशाच्या यादीत हे गाणं घातलं. गाण्यांची स्पर्धा वगैरे काही नव्हती.

आता उंदीर. या गाण्याबद्दल एक कागद आहे ज्याच्यापुढे बाकी सगळे फॉरवर्ड फिके पडतात. 30 डिसेंबर 1854 ला फ्रान्झ झेव्हर ग्रुबरने, म्हणजे ज्याने चाल लावली त्याच माणसाने, हे गाणं कसं झालं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. तो म्हणतो, 24 डिसेंबर 1818 ला इथले मदतनीस फादर जोसेफ मोर (आडनाव आहे, पक्षी नाही, कृपया आणखी एक प्राणी नाटकात घालू नका) यांनी मला एक कविता दिली आणि सांगितलं की दोन सोलो आवाज, कॉयर (गायकवृंद) आणि गिटारची साथ अशी चाल लावून द्या. मी त्याच संध्याकाळी दिली. त्याच रात्री म्हटलं आणि सगळ्यांना आवडलं. झालं, एवढंच. उंदीर नाही, कुरतडलेला भाता नाही, कोणी रडत नाहीये. ग्रुबर त्या चर्चमध्ये ऑर्गनच वाजवायचा, आणि बाजूच्या आर्न्सडॉर्फला शाळामास्तर होता. ज्याचं वाद्य ऐन नाताळात उंदराने खाल्लं तो माणूस छत्तीस वर्षांनी सगळी हकीकत लिहायला बसला तर ते एका ओळीत तरी लिहिणार नाही का? आमचा पेटीवाला पाच वर्षांपूर्वी तुटलेल्या पट्टीबद्दल अजून बोलतो.

हां, एक कबूल करतो, नाइलाजाने. ऑर्गन ठणठणीत नव्हता. कार्ल माउराखर नावाचा ऑर्गन बनवणारा पुढच्या काही वर्षांत त्याच्या कामासाठी ओबर्नडॉर्फला येऊन गेलाय. आणि उंदीर भाता खातात हेही खरं, माळ्यावरच्या आमच्या जुन्या पेटीची अवस्था मी बघितलीय. पण ऑर्गन जुना होता याच्यावरून उंदरापर्यंत उडी कोणी मारली? नंतरच्या गोष्टीवाल्यांनी.

कविता त्या रात्री सुचली हे तर साफ चूक. 1995 मध्ये मोरच्या स्वतःच्या अक्षरातली प्रत सापडली, त्याच्यावर त्याने कवितेचं साल 1816 टाकलंय. तेव्हा तो मारियाफार गावाला होता, ओबर्नडॉर्फला नाही. म्हणजे कविता दोन वर्षं त्याच्याकडे पडून होती आणि मग त्याने चाल लावणारा माणूस शोधला.

आणि ज्याच्यावर माझं खरं डोकं फिरतं ते मोझार्ट. बाकी सगळा बावळटपणा आहे, हा मात्र अन्याय आहे. मोझार्ट वारला डिसेंबर 1791 ला, मोर जन्मला डिसेंबर 1792 ला, म्हणजे कवी जन्माला यायच्या आधीच चाल लागलेली! पण गंमत अशी की ग्रुबरला तो कागद लिहावाच लागला तो असल्याच अफवेमुळे. माउराखर होता ऑस्ट्रियाच्या तिरोल भागातल्या झिलरटाल खोऱ्याचा. त्याने गाणं तिकडे नेलं असं मानतात. तिथली हातमोजे विकणारी श्ट्रासर मंडळी लाइपझिगच्या जत्रेत माल घेऊन जायची आणि गायची, मग गाणं छापलं गेलं ते तिरोलची अस्सल गाणी म्हणून, कवी नाही, संगीतकार नाही. तिथल्याच रायनर नावाच्या गाणाऱ्या मंडळींनी 1839 ला ते न्यूयॉर्कला पोचवलं. तोपर्यंत लोक म्हणायला लागलेले, एवढी गोड चाल म्हणजे कोणीतरी मोठाच असणार. बर्लिनच्या राजदरबारातल्या संगीतवाल्यांनी शेवटी साल्झबुर्गला विचारणा केली की तिथला जुना संगीतकार मिखाएल हायडन याच्या हाताची मूळ प्रत द्या. ती विचारणा ग्रुबरच्या मुलापर्यंत पोचली, तो तिथे कॉयरमध्ये होता, आणि मग म्हाताऱ्याने पेन उचललं. मोर तर तोवर जाऊन सहा वर्षं झालेली. आणि आज आपण अंगठ्याने एक बटन दाबून शाळामास्तराची चाल परत मोझार्टच्या खिशात घालतोय.

दोघे दारिद्र्यात मेले हे अर्धं खरं. मोर 1848 ला वाग्राइन गावात वारला तेव्हा त्याच्याकडे खरंच काही नव्हतं. ग्रुबर हालाइनला चर्चच्या संगीताचा प्रमुख होता, 1863 ला वारला, त्याला भिकारी करायची गरज नाही.

युद्धाचं काय, 1914 च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी दोन्हीकडचे सैनिक खंदकातून बाहेर आले, जर्मन बाजूने हे गाणं ऐकू आलं, आपले गढवाल रायफल्सवालेही तिथे होते. पण ते काही ठिकाणीच, आणि थोडेच दिवस. युद्ध संपलं नोव्हेंबर 1918 ला, हे गाण्याच्या श्रेयात कसं बसवायचं ते फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं.

काल बहिणीला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, दादा, शेपटी शिवून झालीय, कापड वाया जाईल. म्हटलं शेपटी गोठ्यातल्या गाढवाला लाव, पोराच्या हातात पाना-पक्कड दे आणि त्याला माउराखर कर. त्याला चार वाक्यंपण मिळतील, उंदराला एकही नव्हतं. विचार करते म्हणाली.