पहिल्याच दिवशी आल्प द्युएझ नको

आल्प्समध्ये सायकलिंगला निघालेले मित्र मला त्यांचा प्लॅन पाठवतात आणि बहुतेकांत पहिल्या दिवसासमोर आल्प द्युएझ या फ्रान्समधल्या प्रसिद्ध घाटाचं नाव असतं. आकर्षण मलाही कळतं. १९५२ साली टूर द फ्रान्स सायकल शर्यतीचा टप्पा पहिल्यांदाच डोंगरमाथ्यावर संपला तो इथे, आणि जिंकला इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पी. २१ वळणं, प्रत्येकावर विजेत्यांच्या नावाची पाटी, आकडे उलटे. खालून निघालात की आधी २१ नंबर येतो, कोप्पीचा.

तरी माझं मत ठाम आहे. पहिल्या दिवशी नको.

कारण पाय नव्हेत. जवळपास १४ किलोमीटर, सरासरी आठ टक्के चढ, त्यात सगळ्यात कडक भाग सुरुवातीलाच. पण सिंहगड नेमाने चढणारा माणूस सावकाश का होईना, वर पोचेल. मला काळजी उतरण्याची वाटते. आपल्या सायकलला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तिथे भाड्याने मिळणाऱ्या सायकलला उजवीकडे मागचा, डावीकडे पुढचा. गडबडीत हात सवयीनेच चालतो. शिवाय रस्त्याची बाजूही उलटी: वळण संपलं की आपण नकळत डावीकडे सरकतो, आणि तिथून समोरची गाडी वर येत असते. हे सगळं रात्रभरच्या विमानप्रवासानंतर, अर्धवट झोपेत!

ब्रेक बदलून मिळतात का, हे दुकानाला निघण्याआधीच ईमेल करून विचारा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर ते पाच मिनिटांचं काम नाही. सीटची उंची घरच्या सायकलवर मोजून न्या.

मग पहिल्या दिवशी काय? घाटाच्या पायथ्याच्या बूर द्वाझाँ गावातून दरीतल्या सपाट रस्त्याने आलमाँ गावाकडे जा. राउंडअबाउटला डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे तिथेच अंगवळणी पडतं. (आपल्याकडे कोण कोणाला आधी जाऊ देतं हा प्रश्न वेगळा.) पुढे व्हेर्नेचा तलाव लागतो. यातलं पाणी वरच्या ग्राँ मेझाँ धरणात चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून वीज करतात. आपल्या घाटघरला हेच तंत्र आहे. थांबून बघण्यासारखी जागा आहे, पण आपले लोक राइड नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपकडे बघत पुढे जातात.

पाय फारच शिवशिवत असतील तर दुपारी कोल दोर्नों हा जवळचा घाट करा. चढ तुलनेने सौम्य, आणि उतरताना ब्रेकची ओळख होते.

"एवढे पैसे भरून सपाट रस्त्यावर फिरायचं?" असं हमखास कोणीतरी म्हणतं. खरी घाई बहुतेक वेळा वरच्या पाटीजवळच्या फोटोची असते. पाटी कुठे जात नाही.

आणि हो, गावातली बरीच दुकानं दुपारी जेवणाच्या वेळेला बंद होतात. सँडविच बाराच्या आत घेऊन ठेवा.