तळाला टेकणे सोपे, सुटणे अवघड

संकट आले की पाणबुडी कुठेही समुद्रतळावर जाऊन बसते, यंत्रे बंद करते, सोनारला (ध्वनिलहरींनी पाण्याखाली शोध घेणाऱ्या यंत्रणेला) दिसेनाशी होते आणि शत्रू निघून गेला की टाक्यांतले पाणी बाहेर ढकलून सहज वर येते, असा दावा व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि चित्रफितींतून ठामपणे केला जातो. अणुऊर्जेवरची पाणबुडी तर अशी महिनोन्महिने पडून राहू शकते आणि काही बिघडलेच तर बचाव पाणबुडी सर्वांना बाहेर काढते, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. या दाव्याला उत्तर द्यायला हवे, कारण तो खरा मानला तर पाणबुडीवरची माणसे कोणता धोका पत्करतात हेच आपल्याला कळत नाही.

त्यातले तथ्य आधी मान्य करतो. दोन्ही महायुद्धांत पाणबुड्या उथळ समुद्रात तळाला टेकत असत. १९४४-४५ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यालगत अशा जर्मन पाणबुड्या तळाच्या प्रतिध्वनींतून आणि बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांतून वेगळ्या ओळखणे शोधनौकांना फार जड गेले. तथापि, ओळखायला अवघड असलेली वस्तू अदृश्य नसते. पोलादी सांगाडा चुंबकीय क्षेत्रात फरक पाडतो, गळणारे तेल पृष्ठभागावर येते, आणि एकदा ठिकाण कळले की तळावर निश्चल पडलेल्या पाणबुडीला हुलकावणी देण्यासाठी खोलीही उरत नाही आणि वेगही.

कुठेही तळाला टेकता येते, हे तर उघडच चुकीचे आहे. महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे, तर लढाऊ पाणबुड्या सर्वसाधारणपणे काही शे मीटरपर्यंतच उतरू शकतात. म्हणजे हा पर्याय भूखंडमंचापुरताच, किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळापुरताच, उरतो. मुंबईसमोर हा मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, परंतु त्याच्या किनाऱ्याकडच्या भागात मुख्यतः चिकणमातीचा गाळ आहे, आणि खरी अडचण गाळातच आहे.

कोकणातल्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखलात उतरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाय सरळ वर ओढला तर निघत नाही, कारण त्याच्याखाली पोकळी होऊ पाहते आणि ती भरायला पाणी लगेच पोहोचत नाही. पाणबुडीच्या बुडाखाली हेच मोठ्या प्रमाणावर घडते. ती जितका वेळ गाळात राहील तितका गाळ तिच्या वजनाने दबतो आणि पकड वाढत जाते. तिचे वजन कमी ठेवावे तर प्रवाह आणि लाटांचे हेलकावे तिला तळावर आपटतात व फरफटवतात, आणि टाक्यांत पाणी घेऊन ती जड करावी तर ती अधिक रुतते. या कात्रीतून बाहेर पडायला पुढच्या आणि मागच्या टाक्या आळीपाळीने हलक्या करून पाणबुडी डोलवावी लागते, आणि पकड अचानक सुटली तर साठलेल्या उद्धरणामुळे, म्हणजे पाण्याच्या वर ढकलणाऱ्या जोरामुळे, ती आवरता न येणाऱ्या वेगाने वर फेकली जाते.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेची 'स्क्वालस' २३ मे १९३९ रोजी सुमारे ७४ मीटर खोलीवर बुडाली. ती वर काढण्याच्या कामात, १३ जुलै रोजी, कठीण निळसर मातीत रुतलेला तिचा पुढचा भाग सोडवताना ती एकाएकी सुटली, सुमारे नऊ मीटर नाक पाण्याबाहेर आले आणि काही सेकंदांत ती पुन्हा तळाशी गेली. त्याच वर्षी १ जूनला लिव्हरपूलच्या उपसागरात ब्रिटनच्या 'थेटिस'मध्ये टॉर्पेडो नळीतून पाणी शिरले आणि तिचे नाक सुमारे ४५ मीटर खोलीवर तळात रुतले. तिची शेपटी पाण्याबाहेर दिसत होती, तरीही आतल्या १०३ जणांपैकी केवळ चौघे वाचले. नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट माणसे आत होती आणि हवेत कार्बन डायऑक्साइड साठत गेला. या दोन्ही पाणबुड्या अपघाताने तळाशी गेल्या होत्या हे खरे, पण मातीची पकड हेतू विचारत नाही.

अणुपाणबुडीविषयीचा भाग मला सर्वांत घातक वाटतो. अणुभट्टी बंद केली तरी किरणोत्सारी ऱ्हासाची उष्णता निर्माण होतच राहते. बंद केल्याक्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के आणि तासाभरानंतरही एक टक्क्याहून अधिक असते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी समुद्राचे पाणी घ्यावे लागते, आणि तळाशी त्या पाण्याबरोबर गाळ व वाळू आत येऊन कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून तिचे पाणी करणारी यंत्रे, तुंबू शकतात. ओखोत्स्क समुद्रातील सोव्हिएत केबलवर हेरगिरी करणाऱ्या अमेरिकेच्या 'हॅलिबट' या पाणबुडीला तळावर टेकण्यासाठी खास पाय बसवले होते. सामान्य पाणबुडीला ते नसतात, आणि तिचे सुकाणू, प्रोपेलर व सोनारचा घुमट खडकावर टेकवण्यासाठी घडवलेले नसतात.

राहिला बचावाचा भाग. 'स्क्वालस'मधील ३३ जण सुमारे ४० तासांत बचावघंटेतून (पाणबुडीच्या झाकणावर बसवायच्या, दोराने खाली-वर करायच्या बंद कोठीतून) वर आले, कारण खोली बेताची होती आणि ठिकाण लगेच सापडले होते. मुंबईत २०१८ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली बचाव पाणबुडी ६५० मीटरपर्यंत उतरू शकते. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची 'नांग्गाला' बालीजवळ बेपत्ता झाली तेव्हा भारताने विशाखापट्टणमहून आपली दुसरी बचाव प्रणाली तातडीने रवाना केली. 'नांग्गाला' सापडली ती ८३८ मीटर खोलीवर, तीन तुकड्यांत. आतले ५३ जण मृत्युमुखी पडले होते.