१४२८५७ मुळे बरकत येत नाही

पंचवटीत माझ्या मामाचं किराणा दुकान आहे. वीस वर्षं गिऱ्हाइकं ज्या मोबाइल नंबरवर यादी सांगायची, तो त्यानं मागच्या महिन्यात बदलला. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज: '१४२८५७ हा सिद्ध अंक आहे. नाशिकच्या कापरेकरांनी तो शोधला. त्याला कशानंही भाग जात नाही, जगात असा दुसरा अंक नाही, बेरीज नऊ येते. मोबाइल नंबरात असला की धंद्यात बरकत.' नंबर मिळवून देणाऱ्यानं पाच हजार घेतले. काल तोच मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

आधी बरकतीचं. आकड्यांची बेरीज २७, मग २ + ७ = ९; पण नऊ येणं यात नवल कसलं? १८, ५४, ७२... नऊच्या पाढ्यातली कुठलीही संख्या घ्या, शेवटी नऊच उरतात. आणि मोबाइल नंबर दहा आकडी असतो, उरलेले चार आकडे कुणी मोजले? मामाच्या अख्ख्या नंबराची बेरीज मी केली, ती पाच येते! म्हणजे मेसेजच्याच हिशेबानं पाच हजार पाण्यात. इकडे जुनी म्हातारी गिऱ्हाइकं बंद नंबर फिरवत बसली आहेत.

'भाग जात नाही' हे तर सरळ खोटं. बेरीज नऊ म्हणजे नऊनं भाग जातोच, हे शाळेतलं पोरही सांगेल. ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७, करून बघा.

दोननं गुणलं की २८५७१४, तिनानं ४२८५७१, सहापर्यंत तेच आकडे फिरतात, हे मात्र खरं आहे. पण कारण साधं आहे. एकाला सातनं भागलं की ०.१४२८५७१४२८५७... असं उत्तर येतं. भागताना बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी येते आणि पुन्हा १. सहाही बाक्या एका फेरीत येऊन जातात. दोनाला सातनं भागलं की त्याच फेरीत फक्त दुसरीकडून शिरायचं. एकाला १७ नं भागलं तरी असंच होतं, फिरणारे आकडे: ०५८८२३५२९४११७६४७. तेव्हा 'जगात दुसरा नाही' हे चूक. सुरुवातीला शून्य नसलेला मात्र हा एकटाच, तेवढं मान्य.

राहिले कापरेकर. आकड्यांची ही फेरी त्यांच्या जन्माआधीपासून माहीत होती. देवळालीच्या या शाळामास्तरांचा या संख्येशी खरा संबंध वेगळा आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ओईआयएस या पूर्णांकांच्या ऑनलाइन विश्वकोशात ए००६८८६ या क्रमांकाखाली त्यांची यादी आहे आणि तीत १४२८५७ आहे. कापरेकरांनी अंकांवर आयुष्यभर प्रेम केलं. त्यांचं नाव लावून कुणी गंडे विकावेत, हे मला सहन होत नाही.

मामा, जुना नंबर अजून दुसऱ्या कुणाला गेला नसेल. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी आपण दोघं जाऊन तो परत मागू.