पूर येण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा

सरकारनं पूरग्रस्तांना मदत करावी का, हा प्रश्न सहसा तिसऱ्या मजल्यावर पडतो. मी तो बेळगावात, टिळकवाडीतल्या पाहुण्यांच्या गॅलरीत ऐकला. "नदीकाठी राहायचं आणि वर सरकारपुढं हात पसरायचे!" खरंय. आमच्या खापरपणजोबांनी नदीकाठी गाव वसवलं, ही चूकच. त्यांना तहान लागत असावी.

तर तुम्हीही आमच्यासारखे कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या दूधगंगा-वेदगंगेच्या काठचे असाल, तर सरकारला फारसा त्रास न देता मदत कशी मागावी, ते अनुभवानं सांगतो.

पाणी दारात आलं की आधी कागद सोडवा, मग म्हैस. आधार, रेशन कार्ड, उतारा, पासबुक, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. म्हैस पोहते. उतारा पोहत नाही.

मग घर. ते किती पडावं याचं भान ठेवा. आपल्याकडं पडझडीला ए, बी, सी असे वर्ग आहेत; ए म्हणजे पूर्ण पडलेलं, सी म्हणजे थोडंसंच. २०१९ च्या महापुरात ए वर्गाला ५ लाख जाहीर झाले, सी वर्गाला ५० हजार. अडचण एवढीच की मातीच्या भिंतीला एबीसीडी येत नाही. पाण्यात ती मुकाट उभी राहते. पाणी उतरून ऊन पडलं की सुकता सुकता भेगाळते आणि एखाद्या दुपारी मटकन बसते. आमची अशीच बसली, पंचनामा होऊन आठव्या दिवशी. साहेबांना पुन्हा बोलावून आणलं. उरलेल्या कोपऱ्यावर छातीएवढी गाळाची रेघ होती. साहेबांनी रेघ पाहिली, मग वर आभाळ पाहिलं. म्हणाले, "ही पुरानं कुठं पडली? उन्हानं पडली." आणि कन्नडात शेरा मारला.

काकांनी विचारलं, "काय लिवलंयसा साहेब?"

"तुमच्याच फायद्याचं."

काकांनी सही केली.

उसाचंही असंच. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ गेला की ऊस उभ्याउभ्या कुजतो, पण रस्त्यावरून आठ-दहा दिवस हिरवागार दिसतो. आणि पाहणी रस्त्यावरूनच होते, जीपला चिखल लागायला नको. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरलंच, तर २०२२ च्या निकषानं बागायतीला हेक्टरी १७,०००, तेही २ हेक्टरपर्यंत. गुंठ्याला १७२ रुपये पडतात. जपून खर्च करा.

हा पैसा येतो कुठून, असं विचारू नका. राज्याच्या आपत्ती निधीत ७५ टक्के केंद्राचे, २५ राज्याचे. त्यात तुमच्या काडेपेटीवरचा करही असेल, पण तो विषय काढला की उपकाराची मजा जाते. हेलपाट्यांची लाजही नको. २०२४ मध्ये दुष्काळाच्या पैशासाठी खुद्द कर्नाटक सरकार सुप्रीम कोर्टात गेलं होतं. तुम्हाला नाडकचेरीपर्यंत, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीपर्यंतच जायचंय, एसटीनं.

पाणी मात्र कोल्हापूरच्या बाजूनं येतं, बिनकागदाचं. त्याला कुणी सीमेवर अडवत नाही, भाषा विचारत नाही.

आमची मागची भिंत अजून उभी आहे. जूनपासून रोज संध्याकाळी तिच्याजवळ खाट टाकून बसतो आणि हळूच समजावतो, बाई, पडायचंच असेल तर यंदा पंचनाम्याच्या आधी पड.