उलट्या अंगावर काढू नका
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवरच्या लेखात शस्त्रक्रिया छान समजावली आहे, पण नंतरच्या गोळ्या एका ओळीत उरकल्या आहेत. घोडं पेंड खातं ते तिथेच. तिच्या ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे, जठराच्या) उरते ती थेट लहान आतड्याला जोडलेली जेमतेम ३० मिलीची पिशवी. त्यात दिवसाची ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं बसवायची, म्हणून पहिला घास प्रथिनांचाच. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नको. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं. बी-१२ जन्मभर.

सगळ्यात दगाबाज म्हणजे सततच्या उलट्या. ‘पोट लहान झालंय, होणारच’ म्हणून लोक घरी बसून राहतात. दोन-तीन आठवड्यांत शरीरातला थायमिनचा (जीवनसत्त्व बी-१) साठा संपतो. एकाचे दोन दिसू लागतात, चालताना तोल जातो. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूची इजा वाढू शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. आणि हो, छातीत जुनी जळजळ असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, बायपासबद्दल विचारा. मात्र बायपासनंतर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बंद. पिशवी आणि आतड्याच्या जोडापाशी व्रण होऊ शकतो.