निर्माल्याचे पाणी

गेल्या दिवाळीनंतर माझी झोप अशी काही उडाली की रात्री दोन वाजता छताच्या पंख्याची पाती मोजणे हा माझा नित्यनेम होऊन बसला. थंडीमुळे पंखा बंद आणि पाती तीनच, त्यामुळे त्या उद्योगातही मन फार वेळ रमत नसे. डॉक्टरांनी दिवसात चहा किती वेळा होतो असे विचारले, तेव्हा मी पाच वेळा असे सांगितले आणि सोबत आलेल्या बायकोने, तिला कोणी विचारले नसताना, आठ वेळा असे सांगितले. त्या आठांतला शेवटचा, म्हणजे रात्री नऊचा आले घातलेला दाट दुधाचा चहा बंद करण्याची शिक्षा तिथल्या तिथे सुनावली गेली. ही वार्ता बंगळूरला मुलीच्या कानी गेली आणि चौथ्या दिवशी आमच्या इंदूरच्या घरी एक नाजूक खोका येऊन पडला. त्यात कॅमोमाइल चहाच्या २५ पिशव्या होत्या.

याला चहा म्हणायचे ते केवळ सौजन्याने. चहाच्या झुडपाशी याचे काडीचेही नाते नाही आणि कॅफीन तर यात औषधालासुद्धा नाही. पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळा गोंडा असलेली ही इवलीशी फुले वाळवतात आणि गरम पाण्यात मुरवून ते पाणी पितात, एवढाच काय तो प्रकार. मुलीने फोनवर विधी सांगितला तो मात्र सत्यनारायणाच्या तोडीचा होता. पाणी उकळून घ्यायचे, पिशवी पेल्यात सोडायची, वर झाकण ठेवून निदान पाच मिनिटे हात लावायचा नाही, दूध नाही, साखर नाही, आणि पिताना फोन दुसऱ्या खोलीत. “आणि बाबा, घाई करायची नाही,” हे तिने तीनदा घाईघाईने बजावले, कारण तिला मीटिंग होती.

पहिल्या रात्री बायकोने सवयीने पिशवी पातेल्यात टाकली, आले ठेचून घातले, दूध ओतले आणि चांगल्या तीन उकळ्या आणल्या. “अहो, पाण्यात नुसता बुडवून कधी चहा होतो का?” असा तिचा सवाल होता. जे तयार झाले त्याचा रंग कावीळ झालेल्या खिरीसारखा होता आणि चवीबद्दल मी काही लिहीत नाही, कारण पातेले अजून वापरात आहे. दुसऱ्या रात्री मी स्वतः सूत्रे हाती घेतली. ग्रीक लोकांनी या फुलाला ‘जमिनीवरचे सफरचंद’ अशा अर्थाचे नाव दिले, कारण त्याला सफरचंदासारखा वास येतो, हे मी वाचून ठेवले होते. म्हणून मी पेल्यावर नाक धरून बराच वेळ तो वास शोधत राहिलो. बायकोने काही न बोलता एक सफरचंद कापून पुढे ठेवले.

खरी अडचण आईने केली. तिने खोक्यावरचे चित्र चष्मा लावून निरखले आणि विचारले, “अरे, ही शेवंतीच्या जातीची फुलं दिसतात, नाही का?” मी मोठ्या उत्साहाने सांगितले की अगदी बरोबर, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि हे, सगळी एकाच कुळातली, युनानी वैद्यकात यालाच बाबूना म्हणतात आणि हकीम मंडळी ते फार पूर्वीपासून देत आली आहेत. हकिमांचे तिने ऐकलेच नाही. “म्हणजे देवाला वाहायची फुलं उकळून पितोस,” एवढाच तिने निष्कर्ष काढला. त्या क्षणापासून आमच्या घरात या पेयाला ‘निर्माल्याचे पाणी’ हे नाव पडले ते कायमचे. रात्री नऊ वाजता आतून हाक येते, “अहो, तुमचं निर्माल्य उकळलं!”

आता त्या पाच मिनिटांविषयी. झाकलेल्या पेल्यासमोर पाच मिनिटे स्वस्थ बसणे हे काम किती अवघड आहे, याची कल्पना ते केल्याशिवाय येत नाही. दुधाच्या चहाला माणूस लागतो. तो ऊतू जाऊ पाहतो, त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते, गाळावे लागते, आणि त्या गडबडीत जिवाला आपोआप विसावा मिळतो. इथे करण्यासारखे काहीच नाही. पहिल्या मिनिटाला मला विजेचे बिल आठवते. दुसऱ्या मिनिटाला आईच्या मालिकेतली सासू किंचाळते. तिसऱ्या मिनिटाला मी झाकण उचलून पाहतो आणि त्या वाफेबरोबर औषधी गुणही उडून गेले असतील या शंकेने घड्याळ पुन्हा शून्यापासून लावतो. या फुलात एपिजेनिन नावाचे द्रव्य असते आणि मेंदूत झोपेच्या काही गोळ्या जिथे जाऊन चिकटतात तिथेच तेही चिकटते, असे शास्त्र सांगते. मात्र एका पेल्यात ते असते फार थोडे, आणि ते चिकटायला मेंदू जरा मोकळा असावा लागत असणार, असा माझा आपला अंदाज आहे.

त्यात गाव इंदूर. जगात इतरत्र नऊ-साडेनऊ ही दिवस मावळल्यावरची वेळ असेल, आमच्याकडे त्या वेळी सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या पेढ्यांची दारे ओढली जातात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. मी चौथ्या मिनिटाला पोहोचलेला असताना शेजारचे काका फाटकातून ओरडले, “काय भिया, चलता का? गराडू आलेत!” गराडू म्हणजे आमच्याकडचा थंडीतला कंद. मी त्यांना पेला दाखवला. त्यांनी हुंगला, क्षणभर विचार केला आणि वर थोडे जीरावण, म्हणजे आमचा पोह्यांवरचा मसाला, भुरभुरवून बघण्याचा सल्ला दिला. घेता का, असे मीही विचारले असते, पण ते रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात आणि त्या गोळीबरोबर कॅमोमाइल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये असे मुलीने बजावले होते. हे सांगताच काकांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली, ती मला त्या पेयाने एकदाही दिलेली नाही.

मी गेलो. तळलेला गराडू, त्यावर लिंबू आणि तिखट मसाला, मग भुट्ट्याचा कीस, मग केवळ काकांच्या आग्रहाखातर मावाबाटी, असे सगळे यथासांग आटोपून सव्वाबाराला घरी परतलो, तेव्हा झाकलेला पेला गार होऊन माझी वाट पाहत होता. वाया जाऊ नये म्हणून मी तो उभ्याउभ्या घशाखाली उतरवला. त्या रात्री झोप अगदी गाढ लागली आणि मुलीने त्याचे सारे श्रेय फुलांना दिले. मीही वाद घातला नाही. एरवी मात्र पेलाभर पाणी पिऊन निजलेला माणूस पहाटे साडेतीनला ज्या कारणाने उठतो, त्या कारणाने मी न चुकता उठतो, आणि पंख्याची तीन पाती जागेवर आहेत याची खात्री करून परत पडतो.

सकाळी उरते ती वापरलेली पिशवी. सन २०१७ पासून वर्षामागून वर्षे स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणाऱ्या शहरात ही काही साधी गोष्ट नाही. फुले ओल्या कचऱ्यात जातील, पण चिठ्ठीचा कागद सुका, दोराही सुका, आणि कागदाला दोरा अडकवणारी ती मुंगीएवढी पिन कशात धरायची? गाणे वाजवत गाडी दाराशी आली की मी नखाने पिशवी उकलत फाटकात उभा असतो. परवा गाडीवरच्या मुलाने थांबून विचारले, “अंकल, ये क्या है?” मी म्हटले, “चाय.” त्याने वाकून ती ओली फुले पाहिली आणि मान हलवली. “ये तो पूजा का सामान है अंकल, इसको कचरे में मत डालो.”

आईला हे ऐकून फार समाधान वाटले. आता रोज सकाळी ती फुले तीच मागून घेते आणि अंगणातल्या तुळशीच्या बुंध्याशी घालते. तुळस मात्र हल्ली रात्री शांत झोपते, असे तिचे म्हणणे आहे.